हिच्या उपासांचा चार्ज

"यांना आता कुठलंही पथ्य नको. जे मागतील ते खाऊ घाला," असं डॉक्टर म्हणाले आणि मी गाढव, चक्क खूश झालो. मला वाटलं, काय भला माणूस आहे! इतकं चांगलं औषध लिहून देणारा डॉक्टर मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. जिना उतरून सायकल स्टँडवर आलो, कुलूप काढलं, आणि मग हळूच डोक्यात शिरलं की हे वाक्य आपण आधी ऐकलेलं आहे. वडिलांच्या वेळी ऐकलं होतं, काकूच्या वेळी ऐकलं होतं. आपल्याकडे डॉक्टर हे वाक्य केव्हा बोलतात ते शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. मी सायकलचं हँडल धरून तिथेच उभा राहिलो. मागचा एक जण खेकसला, "ओ भाऊ, सायकल काढता का पूजा करून राहिले तिची?" एरवी मी त्याला सोडला नसता, माझी जीभ तशी बरी चालते. त्या दिवशी मुकाट सायकल ओढून बाजूला झालो.

हिच्या पोटात गाठ होती. शस्त्रक्रियेसाठी पोट उघडलं, आत सगळीकडे पसरलेलं दिसलं, आणि तसंच शिवून टाकलं. आम्ही तेव्हा नागपुरात धरमपेठेत दोन खोल्यांत राहायचो. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क, एकुलती एक मुलगी बेबी, ती लग्न होऊन अमरावतीला. घरात आम्ही दोघंच, एक रॉकेलचा स्टोव्ह आणि हिचे देव. मी घरी पोचलो तेव्हा ही पलंगावर बसून वाती वळत होती. म्हणाली, "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं, "काही नाही, पथ्यबिथ्य काही नाही म्हणाले. वाटेल ते खा." तिनं एक वात पूर्ण केली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे हात टेकले." मी ओरडलो, "छे! भलतंच काय बोलतेस!" तर म्हणते कशी, "अहो, हळू. शेजारी ऐकतील."

डॉक्टरांनी आणखी पुष्कळ सांगितलं होतं, ते मी कागदावर लिहून आणलं होतं. ताट भरून वाढू नका, भरलेलं ताट पाहूनच आजारी माणूस थकतो. अर्धी वाटी द्या, पण दर दोन तासांनी द्या. त्यात तूप घाला, साय घाला. फोडणीच्या वासानं मळमळत असेल तर गार झालेलं द्या. तोंडाला लोखंडाची चव येत असेल तर स्टीलचा चमचा ठेवून द्या आणि चिनीमातीच्या बशीत खाऊ घाला, लिंबाची फोड चोखायला द्या. अंडं चालत असेल तर उत्तम. अंड्याचं नाव काढताच ही म्हणाली, "आत्ता अंडं खाऊन वर गेले तर तिथे काय तोंड दाखवू?" अंडं बाद झालं.

मग आले सल्लागार. आमच्या वाड्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, मीठ बंद करा. त्यांचे यजमान म्हणाले, साखर बंद करा. मामेसासरे इतवारीहून मुद्दाम आले आणि फक्त द्राक्षांवर ठेवा म्हणाले, आणि असं म्हणत त्यांनी आमच्याकडची सगळी द्राक्षं स्वतःच संपवली. कोणी दूध बंद करा म्हणे, कोणी धान्य बंद करा. सगळ्यांचं ऐकलं असतं तर हिच्या वाट्याला हवा तेवढी राहिली असती, आणि हवेतही धूळ असते म्हणून तीही कोणीतरी बंद करवली असती. मी दोघातिघांना तोंडावर सुनावलं. ही म्हणाली, "चिडता काय? बिचारे प्रेमानं सांगतात." मी म्हटलं, "प्रेमानं उपाशी मारून राहिले तुला!"

पण खरी उपाशी मारणारी बाहेरची नव्हतीच. ती पलंगावरच बसली होती. हिचे उपास! सोमवार माझ्या आयुष्यासाठी. गुरुवार बेबीच्या लग्नासाठी धरला होता. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, तरी गुरुवार चालूच. शनिवार माझ्या साडेसातीसाठी. साडेसाती संपली असं मी शंभरदा सांगून पाहिलं, ती म्हणे, तुमचा स्वभाव बघून वाटत नाही. वर संकष्टी, दोन एकादश्या आणि प्रदोष. धडधाकट होती तोपर्यंत मी कधी हरकत घेतली नाही. खरं सांगतो, मला तर ते सोयीचं होतं, कारण तिच्यासाठी केलेली साबुदाण्याची उसळ निम्मी माझ्याच पोटात जायची. मी खादाड माणूस आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही. दोन जेवणांच्या मध्ये मला फार अंतर पडलेलं सोसत नाही, डोकं फिरतं, आणि मग कचेरीत शिपाईसुद्धा माझ्या टेबलाकडे यायला धजत नाही.

आता गाठीनं तिचं पोट एवढंसं झालं होतं. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे काही उतरायचं नाही, पोटात दगड ठेवल्यासारखं व्हायचं. म्हणजे उपासाच्या दिवशी निव्वळ चहाचं पाणी. मऊ भात, वरण, तूप, दहीभात एवढंच तिला सोसायचं, आणि ते सगळं उपासाला निषिद्ध! आठवड्यातले चार दिवस ती अन्नाशिवाय काढायची आणि उरलेल्या तीन दिवसांत मी दर दोन तासांनी अर्धी वाटी घेऊन तिच्यामागे लागायचो. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर मला म्हणाले, "आजार जे नेईल ते नेईलच हो, पण यांना भूक नेते आहे. पोटात चार घास गेले तर जेवढे दिवस आहेत तेवढे बसून, बोलून काढतील. नाहीतर झोपूनच जातील." मी हिला गयावया केली, "सोड गं ते उपास." ती म्हणाली, "मी सोडले आणि तुम्हाला काही झालं तर?" मी म्हटलं, "मला काय होणार आहे, बैलासारखा आहे मी." तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तेच तर. बैलासारखे राहिलात ते कशामुळे?"

शेवटी मी देवघरासमोर जाऊन रामाच्या तसबिरीला चार शब्द सुनावले. म्हटलं, एक बाई तुझ्या नावानं उपाशी मरून राहिली आणि तू खुशाल धनुष्य घेऊन उभा आहेस. हिनं ते ऐकलं. रागावली नाही. म्हणाली, "भांडायचंच असेल तर रामटेकला जाऊन समोर उभं राहून भांडा. आणि जाताच आहात तर माझ्यासाठी विचारून या, उपास सोडू का म्हणून. तो म्हणेल तसं करीन." मी म्हटलं, "तो कसं सांगणार?" "तुम्ही विचारा तर खरं," ती म्हणाली, "सांगायचं कसं ते त्याचं तो बघेल." माझा विश्वास तेव्हा बेताचाच होता. पण माणूस बुडायला लागला की काडीचीसुद्धा मिनतवारी करतो. सोमवारी कचेरीत रजा टाकली, वहिनींना हिच्याजवळ बसवलं आणि रामटेकची बस पकडली.

बस स्टँडवर मी चार कचोऱ्या बांधून घेतल्या. बायको घरी उपाशी आणि हा कचोऱ्या बांधतो, असं तुम्ही म्हणाल. मीही मनात म्हटलं. पण डोंगर चढायचा होता. विचार केला, वर देवळाच्या पायऱ्यांवर सावलीत बसून निवांत खाऊ, मग दर्शन घेऊ. भरल्या पोटी माणूस देवाशी जरा सभ्यपणे बोलतो. पायऱ्या चढता चढता मला धाप लागली. वर पोचलो, कठड्यावर टेकलो, पुडी सोडली, पहिली कचोरी हातात घेतली, आणि एक हे एवढं थोरलं वानर आलं, माझ्या तोंडाकडे शांतपणे पाहिलं, हातातली कचोरी घेतली, मग वाकून पुडीही घेतली, आणि भिंतीवर जाऊन बसलं. घाई नाही, गडबड नाही. मी उठून त्याला नागपुरी भाषेतल्या निवडक शिव्या दिल्या. त्यानं चारही कचोऱ्या माझ्यादेखत खाल्ल्या. तिखट लागल्या बहुतेक, शेवटी तोंड वेडंवाकडं केलं. तेवढंच मला समाधान.

"अरे बाप्पा! नेलं काय वांदरानं?" मागून आवाज आला. एक म्हातारी बाई पायरीवर बसली होती, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "काय होतं गा त्याच्यात?"

"कचोऱ्या," मी रडवेला होऊन म्हणालो. पन्नाशीचा माणूस, पण खोटं कशाला सांगू, आवाज रडवेलाच निघाला.

"मंग जाऊ दे. त्याह्यचाच डोंगर हाये हा. ये, बस इकडं. तोंड पाह्य कसं उतरून गेलं तुहं. भाकर खाय."

तिनं फडक्यातून ज्वारीच्या दोन भाकरी, जवसाची चटणी आणि एक कांदा काढला. मी एकदासुद्धा नको म्हटलं नाही. माझं तसं असतं, पुढ्यात आलं की हात आपोआप जातो. काय चव होती त्या चटणीला! मी खात होतो आणि बोलत होतो. बाईचा चेहराच असा होता की माणूस बोलत जावा. हिचं दुखणं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, उपासांचं सांगितलं. ती नुसती हं हं करत होती. दुसऱ्या भाकरीचा शेवटचा तुकडा हातात आला तेव्हा कुठे मला सुचलं की समोरच्या माणसाला विचारायचं असतं. म्हटलं, "आजी, तुम्ही नाही जेवत?"

"माहा उपास हाये. सोमवार नाही काय आज? तसा माहा नाही म्हणा, सुनेचा हाये. ते बाळंतीण हाये नं. अंगावर पाजणारी बाई उपाशी राहीन तं लेकराले दूध कुठून येईन? मंग म्या म्हटलं, आण वं इकडं तुहा सोमवार. धरला म्या."

मी घास तोंडाशी नेता नेता थांबलो. "असा दुसऱ्याचा उपास धरता येतो?"

"काहून नाही येत? उपास मोडू नये, हे खरं. पन घरातल्या घरात एकाजवळून दुसऱ्यानं घ्यावा. देव काय हजेरी घेते काय गा, की ज्याचा त्यानंच हात वर करावा? त्याले कोनीतरी एक जन लागते आठवन काढाले." मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "तुह्या घरी हायेस नं तू? मंग धर नं. तुले काय झालं? चांगला तं हायेस."

मला हसावं की रडावं कळेना. आणि मग दुसरी एक गोष्ट लक्षात आली. मी विचारलं, "आजी, मग संध्याकाळी तुम्ही उपास कशावर सोडणार?" तिनं माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, लगेच नजर दुसरीकडे वळवली आणि म्हणाली, "पाहू. राम काही ना काही देईन." तिची उपास सोडायची शिदोरी मी बसल्या बैठकीला फस्त केली होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बसा इथेच, हलू नका," असं म्हणून मी धावत सुटलो. सगळ्या पायऱ्या उतरून खाली गेलो, केळी घेतली, पेढे घेतले, चणे-फुटाणे घेतले आणि पुन्हा तो डोंगर चढलो. छातीचा लोहाराचा भाता झाला. पिशवी या वेळी पोटाशी धरली होती, वानरांकडे डोळे वटारत वटारत आलो. वर आलो तर पायरी रिकामी. दोन-चार जणांना विचारलं. एक फुलवाला म्हणाला, कुही गावाकडच्या बायांची एक टोळी आली होती, आत्ताच उतरली मागच्या वाटेनं. असेल, त्यातलीच असेल. मी काही म्हणत नाही. मी एवढंच सांगतो की तिचं नाव मी विचारलं नव्हतं, आणि रामासमोर उभा राहिलो तेव्हा विचारायचं काही उरलंच नव्हतं. भांडायला म्हणून गेलो होतो. नमस्कार केला, पिशवी तिथेच ठेवली आणि परत आलो.

घरी हिला म्हटलं, "रामानं सांगितलं, उपास सोडायचे नाहीत, मोडायचे नाहीत. मला द्यायचे." सगळी हकिकत सांगितली, वानरासकट. ती आधी ऐकतच राहिली आणि मग जी हसायला लागली! पोटावरचे टाके दुखतात म्हणून उशी दाबून धरून हसली. "तुम्ही? उपास? अहो, तुम्ही झोपेतसुद्धा चावता." मी म्हटलं, "हे बघ, मी सरकारी माणूस आहे. रीतसर चार्ज दे, मी रीतसर चार्ज घेतो. तुझ्यात आणि तुझ्या देवात मी नाही येत, तू रजेवर आणि मी तुझ्या जागी." हे तिला पटलं. तीसएक वर्षं हेडक्लार्कच्या घरात काढलेली बाई, तिला रजा आणि चार्ज चांगला कळतो. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी पाटावर बसलो. तिनं पळीनं माझ्या तळहातावर पाणी सोडलं आणि एकेक उपास माझ्या हवाली केला. सोबत नियमही सांगितले. गुरुवारी अळणी. शनिवारी एकभुक्त, म्हणजे एकदाच, तेही फराळाचं. संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय नाही, आणि "उगवला असेलच" असं म्हणून चालणार नाही. साबुदाण्याची उसळ एकदाच, तीही बशीत, परातीत नाही. मी म्हटलं, "एवढे नियम माझ्या साहेबालाही माहीत नाहीत." शेवटचं पाणी सोडताना तिनं पळी वरच धरली. म्हणाली, "जमेल ना हो? चेष्टा नाही आहे." मी म्हटलं, "जमेल."

आणि गुरुवारी दुपारी, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, ती गुरुवारी जेवली. मी स्टोव्ह व्हरांड्यात नेऊन ठेवला होता, वास आत जाऊ नये म्हणून. गुरगुट्या भात, त्यावर तूप, चिमूटभर मीठ, पूर्ण गार करून, निळ्या फुलांच्या बशीत. पहिला भात लागला, दुसऱ्यात मीठ दोनदा पडलं, तिसरा साधला. ती एकेक चमचा खात होती आणि मी समोर अळणी उसळ चिवडत बसलो होतो. मध्येच म्हणाली, "छान झालाय हो भात." माझ्या स्वयंपाकाला कोणी छान म्हणण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं.

दीडदोन महिने हे चाललं. ती दर दोन तासांनी अर्धी वाटी खायची. कधी ताक-भात, कधी सायीत कालवलेला शिरा, कधी नुसतं गार दूध आणि एक खजूर. एकदा कैरीचं लोणचं मागितलं, एकदा रात्रीचं शिळं वरण. कागदावर काही असो, जे तिला रुचलं ते पोटात राहायचं. गालावर थोडी तकाकी आली, उशीला टेकून बसायला लागली, बेबीला लांबलचक पत्रं लिहायला लागली. आणि मी? मी अर्धा झालो. पँट दोरीनं बांधायची वेळ आली. एकदा दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो तर नव्या नर्सनं हिला खुर्ची दिली आणि माझ्या दंडाला धरून मलाच तपासायच्या टेबलावर झोपवलं. ही तोंडाला पदर लावून हसत होती, एका शब्दानं सांगेल तर शपथ.

पण माझ्या मनात एक सौदा शिजायला लागला होता, तो मी कोणाला सांगितला नव्हता. मला वाटायला लागलं, एवढं मी उपाशी राहतो आहे, ही सुधारते आहे, म्हणजे देव मोजतो आहे. असंच रेटलं तर गाठ विरघळेल. मी देवाला मनातल्या मनात आठवण द्यायला लागलो: हा सातवा शनिवार बरं का, ही तिसरी एकादशी. आणि नेमक्या अशाच एका शनिवारी माझा तोल गेला. कचेरी सुटली, वाटेत एका टपरीवर आलूबोंडे तळून राहिले होते. वर तर्रीचा लालभडक रस्सा ओतून कांदा पेरत होते. मी सायकलवरून उतरलो कधी आणि दोन प्लेटी खाल्ल्या कधी, मला आठवत नाही. तोंड धुतलं, पान खाल्लं आणि घरी आलो. आलो तर काय, वहिनी मोरी धूत होत्या. हिला दुपारपासून उलट्या. खाल्लेलं सगळं पडलं होतं, डोळे खोल गेले होते, हात बर्फासारखे.

मला खात्रीच पटली. हे मी केलं. वहिनी गेल्याबरोबर मी पलंगाशी जमिनीवर बसलो आणि हमसाहमशी रडलो. म्हटलं, "मी मोडला गं. शनिवार मोडला. आलूबोंडे खाल्ले. दोन प्लेटी. तुला माझ्यामुळे झालं हे." तिनं डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण त्यातही ती मला हसली. म्हणाली, "दारात आलात तेव्हाच वास आला मला. पानानं कांदा लपतो होय?" मग जरा दम घेऊन म्हणाली, "अहो वेडे आहात का? चार्ज दिला त्याच दिवशी मी रामाला सांगून ठेवलं होतं, यांच्याकडून निम्मे होतील, ते तू पुरे समज. त्याला सगळं माहीत होतं. तुम्हीच उगीच हिशेब ठेवत बसलात." मी म्हटलं, "मग या उलट्या?" ती म्हणाली, "दुखणं आहे ते. त्याला आलूबोंड्याचं काय कळतं?" आणि थोड्या वेळानं, मी नाक पुसत बसलो असताना, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मला थोडं लिंबाचं सरबत द्या. आणि तुम्ही जेवून घ्या नीट. उपाशी माणूस फार रडतो."

त्या संध्याकाळी माझ्यातला हिशेब ठेवणारा कारकून गेला. उपास मी पुढेही धरले, पण मोजले नाहीत. गाठ विरघळव, असं रामाला पुन्हा म्हटलं नाही. सकाळी बशी भरायची आणि म्हणायचं, एवढं आज तिला जाऊ दे. जायचं, नाही जायचं, त्याची मर्जी. जायचं त्या दिवशी आनंद, नाही जायचं त्या दिवशी दुसरी बशी. मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे फार मोठी साधना असेल. तसं काही नसतं. बशी आपण भरायची, एवढंच आपल्या हातात आहे, हे एकदा मान्य केलं की माणूस आपोआप शरण जातो. चिडचिड मात्र गेली नाही, ती स्वभावातच आहे.

ती माघ महिन्यात गेली. झोपेत, सकाळी, वेदना न होता. त्याचं मी लिहीत नाही. त्याच्या दहा-बारा दिवस आधीचा एक दिवस लिहितो आणि थांबतो.

एक दिवस ती म्हणाली, "आता सगळ्यांचं एकदम उद्यापन करून टाकू. बेबीला बोलवा. मेहूण जेवू घालू." उपासांची सांगता करताना नवरा-बायकोचं जोडपं जेवायला बोलावतात, तशी आमच्याकडे रीत आहे. मी विचारलं, "कोणाला सांगू? मामेसासऱ्यांना नको हां." ती म्हणाली, "मी सांगितलंय. तुम्ही फक्त केळीची पानं आणा." बेबी आली, तिनं पुरण घातलं, कटाची आमटी केली. दोन पाट मांडले, रांगोळी काढली, उदबत्ती लावली. बेबीनं आईला हिरवी साडी नेसवली, वेणीत फूल माळलं. मी दारात उभा. साडेबारा झाले, एक वाजला, मेहुणाचा पत्ता नाही. माझं डोकं तापायला लागलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि घरभर पुरणाचा वास. मी ओरडलो, "काय माणसं आहेत ही! बोलावलंय जेवायला, आणि यांना घड्याळ कळत नाही? कोण आहेत तरी कोण?"

आतून बेबीच्या हसण्याचा आवाज आला, मग रडण्याचा. मी वळून पाहिलं. ही भिंतीला लोड लावून एका पाटावर बसली होती आणि दुसऱ्या पाटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. "या," ती म्हणाली. "मेहूण केव्हाचं घरातच आहे, एकटाच नवरा दारात उभा राहून बोंबलतोय." मी म्हटलं, "अगं, असं कुठे असतं? आपलं आपणच मेहूण?" तर म्हणाली, "दिवस काढायला आलेले भटजीही तेच म्हणाले. मी त्यांना विचारलं, शास्त्रात जोडपं लिहिलंय ना? मग आम्ही कोण, भाऊ-बहीण?"

मी तिच्या शेजारी बसलो. आणि बसल्यावर मला एकदम कळलं की आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून कधी जेवलोच नव्हतो. मी आधी जेवायचो, ती वाढायची; ती मागून जेवायची, नाहीतर तिचा उपास असायचा. बेबीनं आमच्या दोघांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, वाढलं. हिच्या पानात चमचाभर भात, त्यावर वरण, तूप, आणि नखाएवढी पुरणपोळी. ती सावकाश जेवत होती. एक घास, मग थांबायची, श्वास घ्यायची, मग दुसरा. तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की तसं मी कुठल्याही देवळात पाहिलं नाही. मी रामाला मनात म्हटलं, तुझे उपकार फार झाले बाबा, आता मला काही मागायचं नाही. माझ्या पानात चार पुरणपोळ्या होत्या, वर तुपाची धार. जन्मभराच्या खादाडाला पानावर बसून जेवता येईना.

हिनं माझ्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्वतःच्या पानातला पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"खा ना हो," ती म्हणाली. "आज कोणाचाच उपास नाही."